मनाचे आजार आणि त्यांचे संकेतांक : प्रस्तावना

सरकारी दवाखान्याच्या ओपीडी रजिस्टरात ‘निदान’ या शब्दाखाली एक अरुंद रकाना असतो. दारात रांग, आत डॉक्टर एकटे. अशा वेळी त्या रकान्यात ‘अशक्तपणा’, ‘अंगदुखी’, ‘ॲसिडिटी’ असे शब्द पडतात आणि रांग पुढे सरकते. धसईच्या बाजारपेठेत, टोकावड्याच्या किंवा डोळखांबच्या वाड्यापाड्यांवर मनाचे आजार नाहीत असं इथे काम केलेला कोणीही म्हणणार नाही. पण नुसती रजिस्टरं चाळली तर ते नाहीतच असं वाटेल. हे पुस्तक त्या रकान्याविषयी आहे: त्यात काय लिहावं, कोणत्या आकड्याने लिहावं आणि तो आकडा पुढे कुठे कुठे जातो.

संकेतांक, रोजच्या बोलण्यातला ‘कोड’, म्हणजे आजाराला जगभर मान्य असलेला ठरावीक क्रमांक. मध्यम तीव्रतेच्या नैराश्याला आयसीडी या जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, एफ ३२.१ म्हणतात, स्किझोफ्रेनियाला एफ २०, दारूच्या आहारी जाण्याला एफ १०.२. सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकावरून जमिनीचा कस कळत नाही, पण त्या क्रमांकाशिवाय तलाठ्यापासून न्यायालयापर्यंत कोणालाही आपण कोणत्या जमिनीबद्दल बोलतोय हे कळणार नाही. आजाराच्या कोडचं काम तेवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

या भागात ते किती मोठं आहे हे रुग्णाच्या वाटेवरून दिसतं. धसई परिसरातला रुग्ण आधी बहुधा भगताकडे जातो, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून मुरबाडला, तिथून उल्हासनगरला किंवा थेट ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि ‘काय होतंय?’ हा प्रश्न पहिल्यापासून सुरू होतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत गोळ्या संपतात, चिठ्ठी हरवते, आणि भट्टीजवळच्या भिवंडीच्या डॉक्टरला धसईच्या डॉक्टरने काय पाहिलं होतं याचा पत्ता नसतो. चिठ्ठीवर ‘मानसिक रुग्ण, पुढील उपचारासाठी रवाना’ इतकंच असेल तर ती चिठ्ठी सापडूनही उपयोग नाही. तिच्यावर एफ २३ सारखा कोड, आजार सुरू झाल्याची तारीख आणि औषधाचं नाव असेल तर पुढचा डॉक्टर दहा मिनिटांत कामाला लागतो.

नव्या वाचकाने एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी. ‘कोडिंग’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली वर्गीकरण. आयसीडी हे जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण आहे. त्यात प्रत्येक निदानाची एक ठरलेली जागा असते, कारण त्याचा मूळ हेतू मोजदाद हा आहे. दुसरी निदानाच्या कसोट्या: किती लक्षणं, किती दिवस, दैनंदिन जगण्यावर किती परिणाम. तिसरी शब्दसंग्रह. स्नोमेड सीटी हा असा संग्रह. त्यात आजारच नव्हे तर लक्षणं, तपासण्या, उपचार, अगदी कुटुंबातली परिस्थितीही स्वतंत्र संकल्पना म्हणून येते, आणि एक संकल्पना एकाच वेळी अनेक शाखांखाली बसू शकते. नैराश्याची स्नोमेडमधली ओळख ३५४८९००७ ही आहे. हा आकडा कोणी पाठ करायचा नसतो. संगणकावर डॉक्टर शब्द टाइप करतो, क्रमांक यंत्र लावतं. या तिन्ही गोष्टींची सरमिसळ झाली की ‘कोडमध्ये माणूस कसा बसवणार?’ असा वाद सुरू होतो. त्यातला निम्मा वाद गैरसमजाचा असतो. उरलेला निम्मा मात्र खरा आहे, आणि तो पुढे येईलच.

वेडेपणाच्या नोंदींचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे आणि त्यातला एक प्रसंग प्रत्येक नोंद ठेवणाऱ्याने वाचावा असा आहे. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांगगांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक तक्त्यांत ‘कारण: गांजा’ अशी नोंद भरपूर सापडत होती आणि त्या आकड्यांवरून गांजामुळे वेड लागतं हे सिद्ध झाल्यासारखं मानलं जात होतं. आयोगाने १८९२ सालची प्रकरणं एकेक करून उघडली. तेव्हा दिसलं की रुग्णासोबत पोलिसांकडून किंवा मॅजिस्ट्रेटकडून येणाऱ्या कागदात कारणाचा रकाना भरावाच लागे. घरचं कोणी सोबत नसे, माहिती नसे, मग सोयीचा शब्द म्हणून गांजा लिहिला जाई. तोच शब्द इस्पितळाच्या रजिस्टरात उतरे आणि वर्षअखेरीच्या अहवालात त्याची टक्केवारी होई. बऱ्याच प्रकरणांत त्याला आधारच सापडला नाही. रिकामा रकाना लाज आणतो म्हणून भरला, की खोटं ज्ञान तयार होतं, ही गोष्ट आजच्या ऑनलाइन फॉर्मलाही तितकीच लागू आहे. तिथे तर रकाना रिकामा ठेवला की पुढचं पान उघडतच नाही.

जगात याच सुमारास दुसरं काम चाललं होतं. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. आयसीडीचं मूळ तिथे आहे. यादी मरणाची असल्यामुळे मनाच्या आजारांना तिच्यात फारशी जागा नव्हती. स्वतंत्र विभाग मिळाला तो १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. जर्मनीत मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी लक्षणांच्या जोडीला आजाराची वाटचाल पाहायला शिकवलं. वर्षानुवर्षं खालावत जाणारा रुग्ण आणि मधूनमधून पूर्ण बरा होणारा रुग्ण हे दोन वेगळे आजार, ही त्यांची १८९९ मधली मांडणी आजही आपल्या कोडच्या पाठीशी उभी आहे. अमेरिकेत मात्र मनोविश्लेषणाचा जोर होता. तिथे नावापेक्षा रुग्णाच्या आयुष्यातला संघर्ष महत्त्वाचा मानला गेला. १९५९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एर्विन स्टेंगेल यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आढावा घेतला, तेव्हा देशोदेशी इतकी वेगवेगळी वर्गीकरणं वापरात होती की एका देशाचे आकडे दुसऱ्याला कळेनात. पुढे न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांची तुलना झाली. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे रुग्ण कितीतरी जास्त दिसत होते. एकाच पद्धतीने मुलाखती घेतल्यावर फरक जवळजवळ नाहीसा झाला. रुग्ण सारखेच होते. डॉक्टरांची सवय वेगळी होती.

१९८० चं डीएसएम-३ हे निदानपुस्तक म्हणजे या गोंधळाला अमेरिकेने दिलेलं उत्तर. कारणांचे सिद्धांत बाजूला ठेवून मोजता येणाऱ्या कसोट्या लिहायच्या, म्हणजे दोन डॉक्टर एकाच निदानावर येतील. विश्वासार्हता वाढली हे खरं. पण कसोट्यांची यादी तोंडपाठ झाली की माणसाशी बोलणं कमी होतं, ही तक्रारही तेव्हापासूनची आहे. आयसीडी-१० ने (१९९० मध्ये मंजूर, १९९४ पासून वापरात) थोडी वेगळी वाट घेतली: आजाराचं वर्णन द्यायचं, मार्गदर्शन करायचं आणि डॉक्टरच्या विवेकाला जागा ठेवायची. ग्रामीण दवाखान्यासाठी मला हीच वाट जास्त योग्य वाटते, आणि या पुस्तकाचा कणाही तोच आहे.

या साऱ्या घडामोडींत भारत नुसता घेणारा नव्हता. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातल्या नऊ केंद्रांपैकी एक आग्र्याला होतं. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये वीर्य जाण्याच्या भीतीतून येणाऱ्या ‘धात’ विकाराचं वर्णन केलं आणि १९६७ मध्ये गुरमीत सिंग यांच्यासोबत भारतासाठी वेगळ्या वर्गीकरणाचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे काही तरुण अचानक भ्रमिष्टासारखे वागू लागतात आणि काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात. पाश्चात्त्य चौकटीत त्यांना नीट जागा नव्हती, त्यामुळे बहुतेकांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासांनी अशा रुग्णांकडे लक्ष वेधलं आणि आयसीडी-१० मध्ये एफ २३ हा अल्पकालीन तीव्र मनोविकारांचा गट आला. खेड्यातल्या मुलीसाठी या एका कोडचा अर्थ काय? एफ २० चा कागद घरात असेल तर लग्न मोडतं, शाळा सुटते, गोळ्या आयुष्यभराच्या समजल्या जातात. एफ २३ सांगतो की थांबा, पाहा, हा आजार पूर्ण ओसरू शकतो. लक्षणं ठरलेल्या मुदतीपेक्षा लांबली तर निदान बदलता येतं. घाईने लावलेला शिक्का पुसणं मात्र फार अवघड.

आता निदानाच्या खोलीत बसून एक उदाहरण पाहू. समजा, पस्तिशीची बाई आहे. लावणी उरकलेली. डोकं जड, हातापायांना मुंग्या, जीव घाबरा होतो, पहाटे जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यानंतरही ती पुन्हा आली आहे. ‘मन उदास असतं का?’ असं विचारलं तर ती बहुतेक ‘नाही’ म्हणेल. ‘भजनाला, हळदीकुंकवाला, माहेरी जायला पूर्वीसारखं वाटतं का?’ असं विचारा. उत्तर बदलतं. मग बाकीचं येतं: भाकरी घशाखाली उतरत नाही, आपण घरात भार झालो असं वाटतं, सांगितलेलं लक्षात राहत नाही. आयसीडी-१० च्या हिशेबाने उदासी, रस नाहीसा होणं आणि थकवा या तीन मुख्य लक्षणांपैकी दोन, जोडीला झोप, भूक, आत्मविश्वास, अपराधीपणा, एकाग्रता, मरणाचे विचार यांपैकी तीन-चार, आणि हे सगळं किमान दोन आठवडे. एवढं असेल तर एफ ३२.१. आयसीडी-११ मध्ये तेच ६ए७०.१. मरणाचे विचार विचारायला डॉक्टर कचरतात. विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. उलट कोणीतरी विचारलं याचाच तिला धीर वाटतो.

इथे दोन पळवाटा टाळायच्या. एक म्हणजे शेवटी नऊ असलेले ‘अनिर्दिष्ट’ कोड. घाईच्या वेळी एफ ३२.९ किंवा सरळ एफ ९९ टाकला की सॉफ्टवेअर खूश, पण त्या नोंदीतून पुढे कोणालाच काही कळत नाही. दुसरी पळवाट उलट्या दिशेची: प्रत्येक दुःखाला एफचा कोड लावणं. नवरा गेल्याला तीन आठवडे झालेली बाई रडते, जेवत नाही. तिला आजारी ठरवण्याची गरज नसते. आयसीडी-१० च्या झेड प्रकरणात घरातल्या माणसाच्या मृत्यूला झेड ६३.४ आहे, नवरा-बायकोतल्या तणावाला झेड ६३.०, पराकोटीच्या गरिबीला झेड ५९.५. हे कोड फार थोडे लोक वापरतात. माझ्या मते आदिवासी भागात ते एफ इतकेच महत्त्वाचे आहेत. माणूस कशाने खचला हे आजाराचं नाव न देता नोंदवण्याची सोय त्यांत आहे, आणि अशा नोंदी साचल्या तर गोळ्यांचा पुरवठा वाढवायचा की रोजगार हमीचं काम, हेही त्यातून दिसू शकेल.

अंगात येण्याबद्दल आरोग्य सेवक नेहमी विचारतात, हे आजार म्हणून लिहायचं का? आयसीडी-१० चं उत्तर स्पष्ट आहे. एफ ४४.३ लागतो तो इच्छेविरुद्ध, त्रासदायक आणि धर्म-परंपरेने मान्य प्रसंगाबाहेर घडणाऱ्या अवस्थेलाच. नवरात्रात किंवा जत्रेत वारं येणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाणाऱ्या बाईला कोड नाही. घरात भांडण झालं की मुलीची शुद्ध हरपते, ती वेगळ्याच आवाजात बोलते आणि शाळेत जाईनाशी होते, तेव्हा मात्र लिहावं, आणि भांडण कशाचं तेही लिहावं. फिट येणाऱ्या रुग्णांची जागा तर वेगळ्याच प्रकरणात आहे: अपस्मार म्हणजे जी ४०, मेंदू आणि मज्जासंस्थेचा आजार. उपचार मानसोपचाराच्या ओपीडीत होत असले तरी कोड एफचा लावू नये. तसं केल्याने फिटवर ‘वेड’ हा शिक्का सरकारी कागदानेच बसतो.

सर्वांत अवघड नोंद कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाची. आयसीडी-१० मध्ये तीन शक्यता आहेत: अपघाताने, एक्स ४८, स्वतःहून, एक्स ६८, नक्की सांगता येत नाही, वाय १८. सोबत आलेले नातेवाईक ‘फवारणी करताना तोंडात गेलं’ असं सांगतात, कारण पोलिसांची भीती असते, सुनेच्या माहेरची भीती असते, गावची तर असतेच. डॉक्टरही ओळखतात आणि एक्स ४८ लिहून मोकळे होतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ही दयाच आहे. पण वाचलेला माणूस त्यामुळे समुपदेशनाशिवाय त्याच घरात, त्याच डब्याशेजारी परत जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने ही भीती पुष्कळ कमी केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, तिच्यावर खटला भरायचा नाही असं म्हणतो आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. पुढे भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम राहिलंच नाही. हे नातेवाइकांना समजावून सांगणं हा कोडिंगचाच भाग आहे. खरंच सांगता येत नसेल तर वाय १८ लिहावा. तो प्रामाणिक कोड आहे.

आत्ताच हे पुस्तक का, याचं उत्तर कायद्यात आणि संगणकात दोन्हीकडे आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजार ठरवण्यासाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांचा आधार बंधनकारक केला आणि त्यात आयसीडीचं नाव घेतलं. शेजारी ‘वेडा’ म्हणतात किंवा घरच्यांना डोईजड झाला म्हणून कोणी मनोरुग्ण ठरत नाही. याच कायद्याने शारीरिक आजारांसारखाच मानसिक आजारांनाही विमा देण्याचं बंधन घातलं, आणि विम्याचा दावा कोडशिवाय पुढे सरकत नाही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रालाही नेमकं निदान लागतं. दुसरीकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली लोकांचा चौदा अंकी आभा, म्हणजे आरोग्य खात्याचा, क्रमांक निघतो आहे. भारत २०१४ मध्ये स्नोमेडचा सदस्य झाला, आणि देशाच्या आरोग्य नोंदींच्या मानकांचं काम पाहणारं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. धसईने २०१६ च्या डिसेंबरात रोखीशिवाय व्यवहार करणारं गाव म्हणून नाव कमावलं. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं लागली. पैशाच्या नोंदी शिकलेल्या गावाला आरोग्याच्या नोंदी शिकणं जड नाही.

मात्र पैशाच्या नोंदीत नसलेला एक धोका इथे आहे. मनाच्या आजाराचा कोड नको त्या स्क्रीनवर दिसला तर माणसाची नोकरी, लग्न, गावातलं नाव जाऊ शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. तो हक्क प्रत्यक्षात डाटा एन्ट्री ऑपरेटरच्या टेबलावर पाळला जातो किंवा मोडला जातो. म्हणून या पुस्तकात ऑपरेटरसाठी आणि आशाताईंसाठी जितकं लिहिलं आहे तितकंच डॉक्टरांसाठी.

कोडवरचे आक्षेप आम्ही टाळलेले नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्येच बजावलं होतं की एका संस्कृतीत घडलेली चौकट दुसरीवर ठेवली आणि ती बसली असं दिसलं, तरी ती खरी ठरत नाही. मनोसामाजिक अपंगत्वाच्या चळवळीने विचारलं की रुग्णाच्या आवाजाला या क्रमांकांत जागा कुठे आहे. अलीकडे संशोधकांचा एक गट आजारांचे कप्पेच नकोत म्हणतो. लक्षणं कमी-अधिक प्रमाणात मोजावीत अशी त्यांची मागणी आहे, आणि आयसीडी-११ ने व्यक्तिमत्त्व विकारांबाबत ती बरीचशी मान्यही केली आहे. वर्गीकरण बदलत राहतं याचं सर्वांत ठळक उदाहरण १९९० चं: आयसीडी-१० ने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. ज्यांना त्याआधी कोड लागला होता ते कधीच आजारी नव्हते. हे लक्षात ठेवून कोड लिहावा. तरीही तो लिहावाच, असं माझं ठाम मत आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांसाठी डॉक्टर, गोळ्या आणि समुपदेशक मागायचे असतील तर इथले आकडे इथल्याच रजिस्टरांतून यायला हवेत.

हे पुस्तक आयसीडीचा अनुवाद नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात खरोखर येणारे आजार निवडले आहेत. प्रत्येकाजवळ या भागातले लोक तक्रार कशी सांगतात ते दिलं आहे, मग कोणते प्रश्न विचारावेत, आयसीडी-१० आणि ११ चे दोन्ही कोड, आणि कधी कोड लावू नये. दोन्ही आवृत्त्या देण्याचं कारण साधं आहे: आयसीडी-११ ही १ जानेवारी २०२२ पासून जगात लागू झाली असली तरी आपल्या फॉर्मांत आणि सॉफ्टवेअरमध्ये दहाव्या आवृत्तीचे कोड अजून पुष्कळ ठिकाणी चालतात. डॉक्टरने विशेषज्ञाला विचारायला हवं अशा जागा वेगळ्या दाखवल्या आहेत; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी छापला आहे.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक कपाटात ठेवू नका, ओपीडीच्या टेबलावर ठेवा. एखाद्या रुग्णाचं बोलणं कुठल्याच कोडमध्ये बसत नसेल, तर त्याचे शब्द जसेच्या तसे केसपेपरवर लिहा. आणि तसे शब्द पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागले तर नाव-गाव वगळून आम्हाला कळवा. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी पान राखून ठेवलं आहे.